माईक नंबर दोन

परळी वैजनाथ
१९ जानेवारी २०२५

सुकू,

पुस्तक पोचलं. कुरियरवाल्यानं दुकानात आणून टाकलं तेव्हा मला वाटलं मागवलेल्या वायरी आल्या, म्हणून पकडीनंच फाडलं. आत तुझं नाव. ‘सुकन्या अभिमन्यू’. आडनाव ना इकडचं ना तिकडचं. बरं केलंस, दोन्ही घरांना भांडायला जागा ठेवली नाहीस.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मी हवापाणी विचारीन, दोन विनोद करीन, तुला हसवीन आणि ठेवून देईन. तुझं लग्न झाल्यापासून जेव्हा जेव्हा बोललो तेव्हा तेच केलं. कागदावर माणसाला मधेच ‘बरं, गिऱ्हाईक आलंय’ म्हणता येत नाही.

‘तांदूळ पडण्याआधी’ मी तुझ्या आईला रोज जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवली. मला वाटलं, पोरगी मास्तरीण, काहीतरी शाळेतलं असेल. तू तर पहिल्याच प्रकरणात मांडवात घुसलीस. साऊंडवाला भानुदास मिक्सरवर बसलाय, नवऱ्याकडचा पाहुणा माईक चालू ठेवूनच जानोशाच्या खोलीत गेलाय, आणि नवरदेवानं पहिल्या बायकोचं काय केलं ते भानुदासच्या हेडफोनमध्ये येतंय. तुला लहानपणी तेच आवडायचं. माझ्या मिक्सरवरचं बारकं बटन दाबून, मांडवात न जाणारं हेडफोनमध्ये आपल्यापुरतं ऐकायचं. भानुदास मात्र आवाजाचं सरकतं बटन वर नेतो आणि आचाऱ्यापासून गुरुजींपर्यंत सगळ्यांना ऐकू जातं. तिथून पुढची ती पळापळ! परळीच्या स्टेशनात नवरी मालगाडीच्या आडोशाला बसते, तिथं मी पाणी प्यायला थांबलो तर तुझी आई म्हणाली, “आधी तिला गाडीत बसवा, मग प्या.”

एक चूक काढतो. तेवढा बापाचा हक्क. दोन भिंतींपलीकडून माईक इतकं स्वच्छ ओढत नाही. खरखर येते, शब्द तुटतात. एवढं सगळं शब्दन् शब्द ऐकू येणं, हे कादंबरीतच.

पहिल्या पानावर तू लिहिलंयस, ‘अण्णांना, ज्यांच्या कानातून काही सुटत नाही.’ ते पान आईला वाचून दाखवायचं राहिलं. घसा बसला होता.

तुमच्या लग्नाच्या दिवशी मी अंबाजोगाईला एका मांडवात होतो, ते आईनं तुला सांगितलंच असेल. ती तारीख मी आधी घेतलेली होती.

जावयांना नमस्कार सांग.

तुझा अण्णा


परळी
४ मार्च २०२५

सुकू,

लग्नसराईनं जीव घेतलाय. पण धर्मापुरीचं लग्न तुला कळवायलाच पाहिजे. गहिनीनाथच्या वर्षाराणीचं झालं. तुझ्या जुन्या फ्रॉकांवर वाढलेली पोरगी. आता तुझ्यापेक्षा उंच झालीय.

गहिनीनाथ तुला आठवत असेल. मी सायकलवर भोंगा आणि मागं बॅटरी बांधून गावोगाव फिरायचो, तेव्हा त्याच्या मेंढरांच्या वाड्यात झोपायचो. त्याचं घोंगडं, त्याची भाकरी. बॅटरी मात्र मी उशाला घ्यायचो, त्याच्यावर भरवसा नाही म्हणून नाही, मेंढरं वायर खायची म्हणून. त्यानं या लग्नाला मला आमंत्रण नाही दिलं, सरळ म्हणाला, “शेठ, मांडव तुमचा, पोरगी बी तुमचीच. मला फक्त कुठं उभं राहायचं ते सांगा.”

नवरदेव लखन. परळीचे वीटभट्टीवाले रामप्रसादशेठ आहेत ना, त्यांचा पुतण्या. मोठं घर. त्यांच्याकडचा गणपती, वाढदिवस, सगळं साऊंड आपल्याकडंच असतं, म्हणजे मी दोन्हीकडचा. नवरदेवाचा परण्या मारुतीच्या पारावर वाजतगाजत गेला, फेटे बांधून झाले, रामप्रसादशेठच्या पाहुण्यांची नावं घेता घेता टाळीचा मुहूर्त टळला, गुरुजी चिडले. शेवटचं मंगलाष्टक नेहमीप्रमाणे मी म्हटलं. लोकांना ते लागतंच.

फक्त एक माईक ऐनवेळी बिघडला. दोन नंबरचा. काढून टाकला.

एक विचारायचं होतं. तुझा भानुदास एका ओळीत ऐकतो आणि पुढच्या ओळीत बटन वर नेतो. त्या दोन ओळींच्या मधे त्याच्या मनात काय आलं, ते तू लिहिलंच नाहीस. कादंबरीत ही कसर राहिली असं मला वाटलं. तुला काय वाटतं ते कळव. घाई नाही.

अण्णा


परळी
२१ मे २०२५

सुकू,

तुझं पत्र आलं. तू लिहिलंयस, “त्यानं विचार केला असता तर त्यानं बटन वर नेलंच नसतं, अण्णा.” बरोबर आहे. मी ते दुकानात बसून पुन्हा पुन्हा वाचलं.

इकडं एक वाईट झालं. वर्षाराणी माहेरी परत आली. लखनची पहिली बायको निघाली. कडूबाई तिचं नाव. भट्टीवर विटा थापायला होती, देवळात माळ घालून लग्न केलेलं, एक पोरगा आहे. लग्नाआधी तिला पोरासकट कर्नाटकात भावाकडं पाठवलं होतं. भावानं सांभाळायचं नाकारलं तशी ती आली आणि सरळ रामप्रसादशेठच्या दारात बसली. दार वर्षाराणीनंच उघडलं. पोरगं आत पळत गेलं आणि लखनच्या पायाला मिठी मारून “पप्पा” म्हणालं. कडूबाई तिला म्हणाली म्हणे, “बाई, तुला बी न्हाई का सांगितलं?” वर्षाराणीनं त्या पोराला पाणी दिलं, आपली पिशवी भरली आणि रिक्षा केली.

सासरचे आता म्हणतायत, आम्ही काही लपवलं नाही. पोरीकडच्यांना सगळं सांगूनच सोयरीक केली. मोठं घर बघून गहिनीनाथनं डोळे मिटून पोरगी दिली, आता उलटला. दोघी नांदतील, पाठवून द्या. धर्मापुरीत निम्मे लोक त्यावर विश्वास ठेवतायत. मेंढरंवाल्याला भट्टीवाल्याचं घर मिळालं, तेव्हाच अनेकांच्या पोटात दुखत होतं.

परवा गहिनीनाथ दुकानात आला. खुर्ची दिली तरी उकिडवाच बसला. म्हणाला, “शेठ, तुमचं त्यांच्या घरात उठणं-बसणं हाय. लग्नाच्या आदी तुमच्या कानावर कायच आलं नव्हतं का?”

मी म्हणालो, “नाही बुवा.”

“मंग ठीक हाय,” म्हणाला. “तुमच्या कानावर न्हाई म्हणल्यावर कुणाच्याच आलं नसंल.” चहा पिऊन गेला. जाताना दारातली वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून उचलून बाजूला ठेवून गेला.

तुझी आई आतून ऐकत होती. संध्याकाळी भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, “तुमी ‘बुवा’ कवा म्हणता, मला म्हाईत हाय.”

तुला कळवायचं म्हणून कळवलं.

अण्णा


परळी
९ जून २०२५

सुकू,

काल रामप्रसादशेठ घरी आले होते. सोबत पेढे. रविवारी धर्मापुरीत देवळासमोर बैठक ठरलीय, दोन्हीकडचे चार-चार जाणते आणि गाव. पोरीला नांदायला पाठवायचं की पोलिसात जायचं, ते तिथं ठरणार. रामप्रसादशेठ म्हणाले, “सुग्रीवशेठ, तुमी दोन्हीकडचे. तुमचा शब्द कुणी मोडणार न्हाई. तुमी इतकंच म्हणा, की सोयरीक ठरली तवा मी हजर होतो अन् कडूबाईचा विषय निघाला होता. पोरीच्या बापानं मान हलवली. झालं. पोरीचं घर वाचंल.”

“मी तर त्या बैठकीला नव्हतो,” मी म्हणालो.

“तुमी कुठं नसता?” ते हसून म्हणाले. मी पण हसलो, सुकू. ते गेल्यावर आरशात बघितलं तर तोंडावर हसू तसंच होतं.

आता तुला सांगतो. तू ओळखलंच असशील, मार्चमध्ये मी कसल्या चौकशा करत होतो.

दोन नंबरचा माईक बिघडला नव्हता. पाहुण्यांची नावं घेऊन झाल्यावर रामप्रसादशेठ तो हातात घेऊनच जानोशाच्या खोलीत गेले. मी त्याचं बटन खाली आणलेलं होतं, मांडवात काही जात नव्हतं. पण बॅटरी किती राहिली बघावं म्हणून मी बारकं बटन दाबलं आणि हेडफोन लावला. खरखर नव्हती. शब्द तुटत नव्हते. तुझ्या पुस्तकात मी काढलेली चूक ही चूक नव्हती.

लखन म्हणत होता, “तात्या, निघताना पोरगं लई रडत होतं.”

तात्या म्हणजे रामप्रसादशेठ. म्हणाले, “पोराचं नंतर बघू. कडूबाईला सांगितलंय, चार म्हैने इकडं तोंड दावायचं न्हाई. अन् पोरीकडच्यांना वाऱ्यालासुदिक कळता कामा नये. एकदा तांदूळ पडले की गप बसतेत सगळे.”

माझं बोट बटनावर होतं. तुझं पुस्तक वाचून दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. पुढची ओळ मला पाठ होती. मांडवात गहिनीनाथ हात जोडून एकेकाला “या, बसा” म्हणत होता. वर्षाराणी बाहेर यायची होती.

त्या दोन ओळींच्या मधे काय येतं, ते मी तुला विचारलं होतं. मला आलं ते लिहितो. एवढे लोक जेवायचे आहेत, पोरीची बदनामी होईल, म्हाताऱ्या माणसाला धक्का बसेल, असं आलं असतं तर मी आज मान वर करून लिहिलं असतं. ते सगळं मी नंतर जमवलं, टेम्पोत बसल्यावर. तेव्हा मनात आलं ते एवढंच, की रामप्रसादशेठला कळेल मी ऐकलं.

मी आधीच खाली असलेलं बटन आणखी खाली ओढलं. खाली जागा नव्हती तरी ओढलं. हेडफोन काढला, एक नंबरचा माईक घेतला आणि म्हणालो, “वऱ्हाडी मंडळींनी पुढं सरकून घ्यावं, मागच्यांना नवरी दिसली पाहिजे, फुकटात आलेत.” मांडव हसला. मग अंतरपाट धरला आणि शेवटचं मंगलाष्टक मी म्हटलं. गळा छान लागला होता. लोक नंतर येऊन सांगत होते.

आणि ही गोष्ट मी पहिल्यांदा केलेली नाही. तू घरी येऊन अभिमन्यूशी लग्न करणार म्हणून सांगितलंस, तेव्हा तुझे चुलते, मामा ओसरीवर बसून तुला काय काय बोलले. तू माझ्याकडं बघत होतीस. मी म्हणालो, “चहा घ्या रे, गार होतोय,” आणि कुणाची तरी टिंगल करून सगळ्यांना हसवलं. तुझा आवाज मी तेव्हाही असाच खाली ओढला होता. लोक म्हणतात सुग्रीवशेठ असला की भांडण होत नाही. भांडण होत नाही हे खरं आहे.

अंबाजोगाईची तारीखही मी आधी घेतलेली नव्हती. तुमची नोंदणीची तारीख कळल्यावर घेतली.

रविवारी काय करू, असं तुला विचारणार नाही. विचारलं तर ते ओझं तुझ्यावर टाकल्यासारखं होईल आणि मी मोकळा. धर्मापुरीचा एक ओळखीचा वकील आहे, त्याला नाव न सांगता विचारलं. हुशार माणूस, लगेच समजला. म्हणाला, “शेठ, ऐकलं ते सांगा, पण वरात निघाल्यावर ऐकलं म्हणा. पोरीचंही काम होईल, तुमचंही नाक राहील.” किती सोपं आहे बघ. दुपारपासून मी तेच घोळवतोय. वरात निघाल्यावर. वरात निघाल्यावर. म्हणायलाही बरं वाटतं.

पण तात्यांचं ते वाक्य तांदूळ पडायच्या आधीचं आहे. नंतर बोलले असं म्हटलं, तर पोरीकडच्यांना कळू न देण्याची गोष्ट कुठं राहिली? सगळं त्या वेळेवरच आहे.

आईला आज सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पेढ्यांचा पुडा उचलून शेजारच्या म्हशीला घातला.

अण्णा


परळी
१८ जून २०२५

सुकू,

शनिवारी दुकानात येऊन पडलेलं तुझं चार ओळींचं पत्र रविवारी बैठकीला निघताना हाती लागलं. बसमध्ये वाचलं. टेम्पो नेला नाही, त्याच्यावर आपलं नाव आहे.

तू लिहिलंयस, “अण्णा, पहिल्या खर्ड्यात भानुदासनं बटन खालीच ओढलं होतं. मला तोच खरा वाटत होता. प्रकाशकबाई म्हणाल्या, मग तुमची कादंबरी दहाव्या पानावर संपते. म्हणून बदललं.”

म्हणजे मी कसा आहे ते तुला आधीपासून माहीत होतं. त्या पहिल्या पानावरच्या ओळीचं मला आता हसूही येतं आणि बसायला जागाही सापडत नाही. कानातून काही सुटत नाही, हे तू कौतुक म्हणून लिहिलं नव्हतंस. की लिहिलं होतंस? मला विचारायचं नाही.

देवळासमोर चिंचेच्या सावलीत लोक बसले होते. बायका ओट्यावर. रामप्रसादशेठनं मला बघून शेजारी जागा केली, “या, या, आमचे साऊंडवाले.” कुणीतरी म्हणालं, “शेठ आले म्हणल्यावर आता गाणं बी होऊन जाऊ द्या.” सवयीनं माझ्या तोंडात उत्तर तयार झालं, चांगलं होतं. गिळलं. रामप्रसादशेठच्या शेजारी बसलो नाही. कुठं बसावं ते कळेना, उभाच राहिलो.

सोयरिकीचा विषय निघाला. रामप्रसादशेठ म्हणाले, “हे सुग्रीवशेठच सांगतील.”

मी सांगितलं. कुठल्या खोलीत, कोण काय बोललं, शब्द होते तसे. आणि गुरुजींनी अंतरपाट धरायच्या आधी ऐकलं, हेसुद्धा सांगितलं. पण सुकू, आयुष्यभर मी माईकशिवाय चार माणसांपुढं बोललेलो नाही. आवाज छातीतच राहिला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांपलीकडं काही गेलं नसेल. रामप्रसादशेठना मात्र ऐकू गेलं. त्यांनी थेट माझ्या डोळ्यांत बघितलं आणि हळूच म्हणाले, “शेठ, उनाची चक्कर आलीय तुमाला. बसा खाली.”

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “काय म्हणालं शेठ? मागं काय ऐकू येईना.”

बसायला किती चांगली संधी होती. पुढच्यांनी ऐकलेलं विरून गेलं असतं, उन्हाची चक्कर म्हणून खपलं असतं. गहिनीनाथ खाली मातीकडं बघत होता. त्यानं ऐकलं होतं. तो मान वर करत नव्हता.

मग मी आवाज वाढवला. पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना जास्त लाज वाटते, कारण या वेळी काय येणार ते आपल्याला माहीत असतं. ‘मी ऐकलं आणि गप बसलो’ हे शब्द मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की देवळातली कबुतरं उडाली. मागचे म्हणाले, “हां, आलं आता.”

रामप्रसादशेठ म्हणाले, “खोटं बोलतोय. खरं असतं तर तवा कावून बोलला न्हाई?”

“तुमच्या भीतीनं,” मी म्हणालो. लखन तोपर्यंत गाडीकडं निघून गेला होता.

वर्षाराणी ओट्यावरून खाली आली. सगळ्यांसमोर मला विचारलं, “काका, शेवटलं मंगलाष्टक तुमीच म्हणलं होतं ना?”

“हो.”

“हे ऐकायच्या आदी, का ऐकल्यावर?”

“ऐकल्यावर.”

ती रडेल असं वाटलं, रडली नाही. म्हणाली, “मंग उद्या ठाण्यात बी असंच सांगा. मागल्यांना ऐकू जाईल असं.”

सोमवारी परळीच्या ठाण्यात जबाब दिला. कडूबाईही आली होती, पोराला कडेवर घेऊन. वर्षाराणीनं तिला बाकावर जागा दिली. दोघी एका बाजूला बसल्या आणि मी समोरच्या बाजूला, एकटा. ते बरोबरच होतं. पुढं काय होईल ते कोर्ट ठरवील, पण पोरगी नांदायला जाणार नाही, एवढं ठरलं.

ठाण्यातून निघताना मी गहिनीनाथला हाक मारली. तो थांबला, माझ्या पायांकडं बघितलं, चप्पल बघत होता की काय कोण जाणे, आणि म्हणाला, “मेंढरं पाण्यावर न्यायचीत.” गेला. तो पुन्हा माझ्या शेजारी उकिडवा बसेल असं मला वाटत नाही. मी त्याच्याकडं जात राहीन. त्यानं बोलावं म्हणून नाही.

भट्टीवाल्यांनी गणपतीचं काम दुसऱ्याला दिलं. तुझी आई म्हणते, बरं झालं, कानाला विश्रांती.

तुझ्या कादंबरीत आता काही बदलू नकोस. पुढच्या छपाईत पहिल्या पानावरची ती ओळ काढायची असेल तर काढ, मला न विचारता.

एक मागतो. तुमच्या घरी येऊन अभिमन्यूंशी बोलायचं आहे. त्यांचं नाव मी आजपर्यंत त्यांच्यासमोर एकदाही घेतलेलं नाही. आईला घेऊन येईन, राहणार नाही, जेवून निघू. तारीख तू सांग. त्या दिवसाचं कुठलंही लग्न मी घेणार नाही.

तुझा अण्णा